श्रीलंका: डोंगर आणि दक्षिण किनारा एकाच सहलीत, गाईड घेऊन. मार्ग कसा आखावा?

तळ्यातमळ्यात:

नमस्कार मंडळी. सहा जणांची श्रीलंका सहल ठरते आहे. त्यात दोघे सत्तरी ओलांडलेले (गुडघे कुरकुरतात), तिघे शुद्ध शाकाहारी आणि एक कॉलेजात जाणारी मुलगी. फेब्रुवारी पक्का व्हायचाय, नाहीतर मे. टूरवाल्याने ७ रात्रींचा आराखडा पाठवलाय: विमानतळ – सिगिरिया – कँडी – नुवारा एलिया – एल्ला – याला – बेंटोटा – कोलंबो. प्रत्येक ठिकाणी एकच रात्र, आणि रोज "स्थानिक संस्कृतीचा अनुभव" असं मोघम लिहिलंय.

प्रश्न असे:
१. महिना कोणता धरावा? मे मध्ये गेलो तर किनारा मिळेल का?
२. यातलं काय गाळावं? आम्हाला समुद्रात डुंबण्यापेक्षा देवळं, कारागिरी, चहाचे मळे बघण्यात जास्त रस आहे. आईबाबांना सीता एलिया (सीतेचं मंदिर) करायचंच आहे.
३. गाडी-ड्रायव्हर पुरतो की वेगळा गाईड लागतो?
४. शाकाहाराचं काय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

---

सातमाळा:

आधी महिना, मग किनारा, आणि हॉटेलं सगळ्यात शेवटी. टूरवाले नेमकं उलटं करतात.

श्रीलंकेवर दोन मोसमी पाऊस पडतात. नैऋत्येचा साधारण मे ते सप्टेंबर. तो दक्षिण-पश्चिम किनारा (गॉल, मिरिस्सा, बेंटोटा) आणि डोंगरांची पश्चिम उतरण झोडपतो. ईशान्येचा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याचा मारा पूर्व किनाऱ्यावर. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर कुठेही गडगडाट होतो, म्हणून आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचे हाल होतात. डोंगर आणि दक्षिण किनारा दोन्ही कोरडे मिळायची खात्रीची वेळ म्हणजे मध्य जानेवारी ते मार्चअखेर. तेव्हा फेब्रुवारी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

मे मध्येच जायचं झालं तर दक्षिण किनारा सोडून पूर्वेला वळा. एल्लाहून मोनरागलामार्गे अरुगम बे तीन-साडेतीन तासांवर आहे, नाहीतर कँडीहून त्रिंकोमाली. त्रिंकोमालीत कड्यावरचं कोणेश्वरम् मंदिर आहे, ते तुमच्या आईबाबांना आवडेल. मे मध्ये मिरिस्साचा समुद्र खवळलेला असतो, देवमाशांच्या होड्या बहुतेक बंद असतात आणि लाल बावटा लागलेला असतो. "ऑफ सीझन डिस्काउंट" म्हणून जे गळ्यात मारतात ते हेच.

एप्रिलच्या १३-१४ तारखेला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं, खानावळी, अर्धे ड्रायव्हर गावाला जातात, आणि नुवारा एलिया तर हौशी कोलंबोकरांनी फुललेलं असतं. ती तारीख टाळाच.

आता गाळण्याचं. सिगिरिया (कातळावरचा किल्ला) काढा. १२०० च्या आसपास पायऱ्या, त्यातल्या बऱ्याच लोखंडी आणि अरुंद. गुडघ्यांना झेपणार नाही आणि ते तुमच्या मार्गाच्या उलट दिशेला, उत्तरेला आहे. याला राष्ट्रीय उद्यानही काढा. बिबट्याच्या आशेने पहाटे चारला उठायचं आणि पन्नास जीपच्या धुरळ्यात उभं राहायचं. हत्ती बघायचे तर एल्लाहून किनाऱ्याकडे उतरताना उडवलवे राष्ट्रीय उद्यान लागतं. तिथे वर्षभर हत्ती असतात, आणि गवताळ माळ असल्याने जीपमधून सहज दिसतात.

उरलं ते असं बसतं: कँडी ३ रात्री, नुवारा एलिया १, एल्ला किंवा बंडारवेला १, गॉलच्या आसपास २. एखादी रात्र वाढवता आली तर किनाऱ्यावर वाढवा. अंतरं किलोमीटरमध्ये मोजू नका. विमानतळ ते कँडी ११०-११५ किमी, पण साडेतीन तास. कँडी ते नुवारा एलिया ७५-८० किमी, वाटेत रांबोड्याची वळणं, तीन तास धरा. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्या. पहिल्या वळणानंतर दिलेली गोळी पिशवीतच जाते. एल्लाहून मात्र खाली उतरलं की दक्षिणेचा एक्सप्रेसवे मिळतो, त्यामुळे गॉलपर्यंतचं अंतर मोठं असूनही दिवस मोडत नाही.

सीता एलिया नुवारा एलियाहून पाचेक किलोमीटरवर, हकगलाच्या वनस्पती उद्यानाच्या अलीकडे, अगदी रस्त्यालगत आहे. थोड्या पायऱ्या खाली, शेजारून ओढा वाहतो. अर्धा तास पुरतो. येताना रांबोड्याचं हनुमान मंदिरही वाटेवरच पडतं.

---

पाटा_वरवंटा:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तिथे "ड्रायव्हर" आणि "शोफर गाईड" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टूरवाले त्या मुद्दाम एकत्र कालवतात. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरण परवाने देतं: नॅशनल गाईड, शोफर गाईड, एरिया गाईड, साइट गाईड. शोफर गाईड गाडीही चालवतो आणि माहितीही देतो. परवान्याचं फोटोसह ओळखपत्र असतं. बुकिंगच्या वेळीच त्याचा फोटो मागा. नुसता ड्रायव्हर असेल तर तो कँडीच्या मंदिराच्या दाराशी तुम्हाला सोडून गाडी लावायला जाणार, आणि दाराशी उभा असलेला कोणीतरी तुमचा गाईड होणार.

सहा जण, सामान आणि दोन ज्येष्ठ म्हणजे उंच छताची व्हॅन हवी. तिथे तिला सगळे "केडीएच" म्हणतात. तेवढ्या गटाला माझं मत असं: सगळा प्रवास एका शोफर गाईडबरोबर, आणि कँडी नि गॉल या दोन ठिकाणी अर्ध्या अर्ध्या दिवसासाठी वेगळा जाणकार गाईड. घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला इतिहास सांगायला लावू नये, त्याने रस्त्याकडेच बघावं.

लेखी काय घ्यायचं ते सांगते:
– ड्रायव्हरचं राहणं-जेवण कोणाकडे? बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरची वेगळी खोली असते, होमस्टेत नसते. इथेच शेवटच्या दिवशी भांडणं होतात.
– इंधन, टोल, पार्किंग धरून किती, आणि किलोमीटरची मर्यादा आहे का.
– कोणती प्रवेशतिकिटं धरली आहेत, नावानिशी.
– "मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, बाटिक: आम्ही सांगितल्याशिवाय थांबा नाही."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. मातळे-कँडी रस्त्यावरच्या मसाल्याच्या बागांत फेरी फुकट असते, गळ्याला मालीशही करून देतात, आणि मग दाराशी तेलाच्या बाटल्या अवाच्या सवा भावात. गाडीवाल्याचा त्यात टक्का असतो. जायचंच नाही असं नव्हे, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि कँडीतली संध्याकाळची पूजा हुकते.

पैशांचं: फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालतं, लंका क्यूआरचा फलक असेल तिथे. शहरांत ठीक, मळ्यांत आणि किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर रोखच लागते. केंद्रीय सांस्कृतिक निधीच्या वास्तूंवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते. पासपोर्ट जवळ नसेल तर ती मिळत नाही. ईटीए (प्रवेशाची ऑनलाइन परवानगी) फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा, हुबेहूब दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत.

---

तळ्यातमळ्यात:

सातमाळा, पाटा_वरवंटा, खूप आभार. सिगिरिया गाळायला घरातून विरोध होईल, पण पायऱ्यांचा आकडा दाखवते. फेब्रुवारीच धरतोय. कँडीत तीन रात्री जरा जास्त नाही का होत? आणि कँडी-एल्लाच्या त्या प्रसिद्ध रेल्वेचं काय?

---

डोंगरदऱ्या:

कँडीत तीन रात्री जास्त नाहीत. कँडी हे १८१५ पर्यंत टिकलेलं राज्य. पोर्तुगीज आणि डच किनारा धरून बसले, डोंगर त्यांच्या हाती लागला नाही. त्यामुळे वरच्या भागाचं (उडरट) नृत्य, ढोल, पोशाख, कायदेसुद्धा खालच्या भागापेक्षा (पहतरट) वेगळे राहिले. तुमच्या सहलीतला खरा रस हाच आहे, आणि एका रात्रीत तो हाती लागत नाही.

दंतमंदिराची (श्री दळदा मालिगावा, इथे बुद्धाचा दात जपलेला आहे) पूजा दिवसातून तीनदा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा या सुमारास. संध्याकाळी गर्दी सगळ्यात जास्त. ज्येष्ठांना घेऊन साडेनऊची बरी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असतील तर उत्तम. चपला बाहेर, म्हणून दुपारच्या तापलेल्या फरशीसाठी मोजे जवळ ठेवा. पूजा सुरू होताना खालच्या मंडपात लाल-पांढऱ्या पोशाखातले वादक ढोल धरतात, सोबत सनईसारखं होरणेव. त्याच वेळी वरच्या मजल्यावर दार उघडतं आणि रांग सरकते. खिडकीसमोर जेमतेम काही सेकंद मिळतात. दिसतो तो दात नव्हे, स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "एवढ्यासाठी एवढी रांग?" होतं. रांग नको असेल तर खाली ढोलांपाशीच थांबा. माझ्या मते ऐकण्याची गंमत तिथेच आहे. बुधवारी सकाळच्या पूजेला सुगंधी औषधी पाण्याने प्रतीकात्मक स्नान असतं (नानुमुर मंगल्य) आणि ते पाणी तीर्थासारखं वाटतात. तुमचा कँडीतला एक दिवस बुधवार आला तर सोन्याहून पिवळं.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. तिथे हा गंभीर अपमान समजतात, पोलिसांपर्यंत जातं. बुद्धाचं चित्र गोंदवलेलं असेल तर ते झाका.

तळ्याकाठच्या सभागृहांत संध्याकाळी पाचच्या सुमारास तासाभराचा नृत्याचा कार्यक्रम असतो. पर्यटकांसाठी कापून-छाटून केलेला आहे, तरी वेस नृत्याचा चांदीचा मुकुट आणि गेट बेर या ढोलाच्या दोन तोंडांचे वेगवेगळे आवाज जवळून कळतात. शेवटी निखाऱ्यांवरून चालतात. कडेच्या खुर्च्या धरा. मधल्या रांगेत पुढच्याच्या मोबाइलचा पडदाच दिसतो.

मोठी एसळ पेरहेर (मिरवणूक) जुलै-ऑगस्टमध्ये असते, ती तुम्हाला मिळणार नाही. पण फेब्रुवारीच्या पौर्णिमेच्या सुमारास कोलंबोत गंगाराम मंदिराची नवम् पेरहेर असते: हत्ती, मशाली, डोंगरी आणि किनारी दोन्हीकडचे नर्तक. तारीख जुळली तर शेवटची रात्र कोलंबोत काढा.

आता रेल्वे. नोव्हेंबर २०२५ मधल्या दित्वा चक्रीवादळात डोंगरी मार्गावर दरडी कोसळून बरंच नुकसान झालं. म्हणून कोणता टप्पा चालू आहे ते आधी बघा, मगच दिवस ठरवा. कँडी ते एल्ला अख्खा प्रवास सहा-सात तासांचा, आणि चौथ्या तासाला चहाचे मळे बघून बघून डोळे थकतात. ज्येष्ठांसाठी फक्त नानू ओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) ते एल्ला हा अडीच-तीन तासांचा तुकडा घ्या. पट्टिपोला हे देशातलं सर्वात उंच स्टेशन (१८९१ मीटर) यातच येतं. आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि झटकन संपतं. पहिल्या वर्गात एसी असल्याने खिडक्या बंद; उघडी खिडकी हवी तर दुसरा वर्ग आरक्षित. सामान ड्रायव्हरबरोबर रस्त्याने पाठवा.

एक गोष्ट बरेच टूरवाले सांगत नाहीत: १९२१ मध्ये पुरा झालेला नऊ कमानींचा पूल एल्लाच्या पुढे, देमोदराच्या वाटेवर आहे. एल्लाला उतरलात तर गाडीतून तो पूल येतच नाही. तिकीट देमोदराचं काढा; पूल मिळतो आणि देमोदराला रूळ स्वतःच्याच खालच्या बोगद्यातून वळसा घेतात तेही बघता येतं. ड्रायव्हरला तिथे बोलवा. पुलावर चालायला जाणाऱ्यांसाठी पायवाट चढउताराची आणि पावसानंतर निसरडी आहे.

चहा कारखाना: भेट सकाळी ठेवा, आणि रविवार नि पोयाचा (पौर्णिमेच्या सुट्टीचा) दिवस सोडून. त्या दिवशी बहुतेक मळ्यांत तोडणी नसते आणि थंड यंत्रांसमोर गाईडचं पाठांतर ऐकावं लागतं. क्रम असा: वर माळ्यावर जाळीच्या लांब कुंडांवर पानं रात्रभर सुकवतात, मग रोलरमध्ये मळतात, ओल्या फडक्यासारखा ढीग तांबूस होईपर्यंत ठेवतात, भट्टीत वाळवतात आणि चाळतात. साधारण साडेचार किलो ओल्या पानांतून एक किलो चहा निघतो. विकत घेताना ग्रेड बघा. नुवारा एलियाचा उंचावरचा चहा फिका, सुवासिक, बिनदुधाचा प्यायचा. आपल्या आलं-दुधाच्या चहात तो हरवून जातो. घरच्या चहासाठी सखल भागाचा बीओपीएफ किंवा डस्ट (बारीक कणांच्या ग्रेड) घ्या. आणि फेब्रुवारी हा डिंबुला भागाच्या चहाचा उत्तम हंगाम, तेव्हा उंचावरचा घ्यायचाच तर तोच घ्या.

मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ आहेत, सिंहली नव्हेत. त्यांच्या पूर्वजांना ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून आधी कॉफीसाठी आणलं. कॉफीवर तांबेरा पडल्यावर चहा आला. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं, १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने लाखोंना भारतात पाठवायचं ठरलं. गाईडने हा भाग टाळून नुसतं "ब्रिटिश वारसा" चालवलं तर विचारा. फोटो आधी विचारून काढा. रस्त्याकडेला टोपली घेऊन उभ्या असणाऱ्या बहुधा फोटोसाठीच उभ्या असतात, पैसे द्यावे लागतात.

हॉर्टन प्लेन्स (डोंगरावरचं राष्ट्रीय उद्यान) ज्येष्ठांना नको: ९ किमीचा फेरा, आणि धुकं यायच्या आत म्हणजे नऊपर्यंत कड्याशी पोचावं लागतं. मुलीला जायचं असेल तर एकाबरोबर पाठवा. नुवारा एलियात फेब्रुवारीच्या रात्री स्वेटर-कानटोपी लागते. सगळ्या हॉटेलांत हीटर नसतो, विचारून घ्या.

---

खडीसाखर:

शाकाहाराबद्दल लिहितो, कारण इथेच सगळे फसतात. "नो मीट, नो फिश" म्हणून भागत नाही. उंबलकड नावाचा सुकवलेला टुणा मासा असतो, तो कुटून चिमूटभर घालतात: पोळ सांबोळात (ओल्या नारळाची तिखट चटणी), पालेभाजीच्या मल्लुंगमध्ये, कधी कच्च्या फणसाच्या भाजीत, डाळीतही. स्वयंपाक्याच्या लेखी तो मासा नाहीच, आपण हिंग घालतो तसा तो. म्हणून "मस्, मालु, उंबलकड एपा" (मटण, मासा, उंबलकड नको) असं नाव घेऊन सांगा. अंडंही नको असेल तर "बित्तर एपा".

बेकरीतला त्रिकोणी मालु पान म्हणजे माशाचा पाव. "एलवलु रोटी" भाजीची, पण तळण तेच असू शकतं. वटलप्पम या गुळाच्या पुडिंगात अंडं असतं. निर्धास्त खायचं म्हणजे इंडिअप्प (शेवया), किरीबत (नारळाच्या दुधातला भात), आणि म्हशीच्या दुधाचं दही नि कितुळ माडाचा काकवीसारखा पाक. डोंगरात कँडी, हॅटन, नुवारा एलिया, बंडारवेला इथे तमिळ शैव उपाहारगृहं आहेत, तिथे डोसा-इडली-भात बिनघोर. किनाऱ्यावर अशी जागा कमी, म्हणून गॉलच्या हॉटेलला आदल्या दिवशी कळवा. राईस-करी ताजी दुपारीच असते.

पौर्णिमा म्हणजे पोया, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी दारू आणि मांसविक्री बंद, देवळं तुडुंब. शाकाहाऱ्यांना फरक नाही, पण वाहतुकीला आहे.

---

भरती_ओहोटी:

किनाऱ्याबद्दल कोणी लिहिलंच नाही, म्हणून.

एल्लाहून उतरताना वेल्लवायाजवळ बुदुरुवगल लागतं: कातळात कोरलेल्या सात मूर्ती, मधला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच. सपाट वाट, गर्दी नाही. टूरवाले घेत नाहीत कारण तिथे दुकान नाही.

दालचिनीसाठी मिरिस्सा-कोग्गलाच्या आतल्या गावांत अर्धा दिवस ठेवा. सोलणारा माणूस जमिनीवर बसतो, मांडीशी अंगठ्याएवढ्या जाडीच्या ओल्या काठ्या. आधी वरची खरखरीत साल खरवडून टाकतो. मग पितळी दांड्याने काठी सगळीकडून घासतो, त्याने आतली साल लाकडापासून सुटते. दोन बाजूंनी चिरा देऊन ती अखंड पन्हाळीसारखी काढतो आणि एकात एक तुकडे बसवून ४२ इंची नळी करतो. काठी तोडल्याच्या दिवशीच सोलावी लागते, वाळली की साल तुटते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून "उद्या तोडणी आहे ना" हे गाईडला विचारायला लावा, नाहीतर जुन्या काठीवर नुसतं प्रात्यक्षिक होतं. सर्वात बारीक नळी, ६ मिमीच्या आतली, तिला अल्बा म्हणतात. तीच सर्वात महाग. खरी दालचिनी कागदी थरांची, बोटांनी चुरडते. आपल्या बाजारातली जाड, एकाच वळ्याची, कडक साल बहुतेक वेळा कॅसिया असते. घरची एक काडी सोबत नेली तर तिथेच शेजारी ठेवून फरक दिसतो.

मुखवटे अंबलांगोड्याला. कदुरू नावाचं हलकं लाकूड, म्हणून मोठा मुखवटाही हातात वजनदार लागत नाही. जड लागला तर दुसरं लाकूड समजा. कोलम नाट्याचे, राक्षसांचे आणि अठरा व्याधींच्या सन्नी विधीचे असे प्रकार आहेत. हे पहतरटचं, कँडीत नागराक्षसाचा मुखवटा विकणारा तो इथूनच आणतो, भाव वाढवून.

गॉलच्या किल्ल्यात दुपारी चारनंतर जा, तटावर सावली नाही. १६४० मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून घेतला. जुन्या दरवाजातून आत शिरून मागे वळून बघा: डच कंपनीचं १६६९ सालचं चिन्ह, दोन सिंह आणि वर कोंबडा. बाहेरच्या बाजूला ब्रिटिशांचं. तटाचा सपाट भाग ज्येष्ठांना जमतो, पण कडेला कठडा नाही.

कोग्गल्याच्या समुद्रातल्या काठ्यांवर बसलेले कोळी आता बहुतेक फोटोसाठीच बसतात. रक्कम आधी ठरवा, नाहीतर नंतर वाद होतो.

मिरिस्साहून देवमासे बघायला होडी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, चार-पाच तास लागतात. ज्येष्ठांना नको. मुलीसाठी घेतलंत तर रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका आणि मळमळीची गोळी होडीत चढण्यापूर्वी. बाकीच्यांनी ती सकाळ वेलिगामच्या मासळी बाजारात घालवावी. शाकाहाऱ्यांनी मात्र वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन उभं राहावं.

परतीचं विमान दुपारचं असेल तर गॉलहून सकाळी निघता येतं. एक्सप्रेसवेने विमानतळ अडीच-तीन तास. पहाटेचं असेल तर शेवटची रात्र नेगोंबोला काढा.